पहिली बायोप्सी चुकली होती का?

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय ६३ आहे. तीन महिन्यांपूर्वी त्यांना शौचास काळी होऊ लागली आणि हिमोग्लोबिन ७ वर आले. दुर्बिणीच्या तपासणीत जठरात गाठ दिसली, पण बायोप्सीत ‘कर्करोगाचा पुरावा नाही’ असे आले. दुसऱ्या डॉक्टरांनी सीटी स्कॅन आणि एंडोसोनोग्राफी करून पुन्हा तुकडा घेतला, तेव्हा ‘जिस्ट, सीडी ११७ पॉझिटिव्ह’ असे निदान झाले. गाठ ६ सेंमीची आहे. पहिला अहवाल चुकीचा होता का? हा कर्करोगच आहे का? केमोथेरपी द्यावी लागेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : पहिला अहवाल चुकीचा नव्हता, अपुरा होता. जठराचा नेहमीचा कर्करोग आतल्या अस्तरात सुरू होतो; जिस्ट (गॅस्ट्रोइंटेस्टाइनल स्ट्रोमल ट्यूमर, पचनमार्गाच्या भिंतीतील एक प्रकारची गाठ) मात्र बहुधा अस्तराखालच्या स्नायूंच्या थरात वाढते. त्यामुळे दुर्बिणीतून एक गुळगुळीत फुगवटा दिसतो, आणि बायोप्सीचा चिमटा तांदळाच्या कणीएवढा जो तुकडा काढतो, तो पुष्कळदा वरच्या निरोगी अस्तराचाच असतो. गिलावा खरवडून आतल्या विटेची परीक्षा होत नाही, तसेच हे आहे. एंडोसोनोग्राफीत दुर्बिणीच्या टोकालाच सोनोग्राफीचा प्रोब असल्याने भिंतीचे थर वेगवेगळे दिसतात आणि सुई थेट गाठीत घालता येते. गाठ डोळ्यांना दिसत असताना आणि रक्त कमी होत असताना एका कोऱ्या अहवालावर तपास थांबवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण थांबला नाहीत, हे फार चांगले झाले.

पचनमार्गाच्या हालचालींची लय राखणाऱ्या ‘काहाल’ पेशींशी जिस्टचे नाते आहे. पूर्वी अशा अनेक गाठींना स्नायूंच्या गाठी समजले जाई. १९९८ मध्ये जपानी संशोधकांनी या गाठींत ‘किट’ जनुकातील बदल दाखवून दिला आणि चित्र पालटले. आपल्या अहवालातील सीडी ११७ हे याच जनुकापासून बनणारे प्रथिन होय.

होय, हा सार्कोमा (स्नायू, हाडे यांसारख्या आधार देणाऱ्या ऊतींचा कर्करोग) वर्गातील कर्करोग आहे. परंतु प्रत्येक जिस्ट सारखीच आक्रमक नसते. धोका गाठीचा आकार, तिची जागा आणि ५ चौरस मिलिमीटर क्षेत्रात विभाजित होत असलेल्या पेशींची संख्या यांवरून ठरतो. जठरातील ६ सेंमीच्या गाठीत ही संख्या पाचपर्यंत असेल तर धोका कमी, त्याहून अधिक असेल तर तीच गाठ जास्त धोक्याच्या गटात जाते. सुईने घेतलेल्या तुकड्यात ही मोजणी भरवशाची होत नाही, म्हणून शस्त्रक्रियेनंतरच्या अहवालात हा आकडा आहे ना, हे आवर्जून पाहावे.

नेहमीच्या केमोथेरपीचा येथे उपयोग होत नाही. गाठ पसरलेली नसेल तर ती न फोडता पूर्ण काढणे हा मुख्य उपचार आहे, कारण फुटल्यास पेशी पोटात सांडतात. धोका जास्त ठरल्यास इमॅटिनिबची (किट प्रथिनाचे काम रोखणाऱ्या औषधाची) गोळी, सामान्यतः रोज ४०० मिलिग्रॅम, तीन वर्षे देतात. गाठ अडचणीच्या जागी असेल तर ती आधी आकसावी म्हणूनही देतात. गोळी सुरू करण्यापूर्वी जनुकीय तपासणीचा आग्रह धरावा. किटच्या एक्सॉन ११ (जनुकाचा एक ठरावीक भाग) मधील बदलाला ती उत्तम लागू पडते, पण पीडीजीएफआरए जनुकातील डी८४२व्ही हा बदल असेल तर तिचा उपयोग होत नाही. खर्चाच्या धास्तीने मागे हटू नये : मूळ कंपनीचा पेटंटचा दावा सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी फेटाळला आणि भारतीय कंपन्यांची गोळी त्यामानाने पुष्कळ स्वस्त मिळते.

लोहाच्या गोळ्यांनीही शौचास काळपट होते. परंतु ती डांबरासारखी चिकट आणि उग्र वासाची असेल, किंवा वडिलांना उठताना चक्कर येत असेल, तर शस्त्रक्रियेच्या तारखेची वाट न पाहता त्यांना त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.