मोठ्या कॉर्पोरेट कंपनीत काम करणाऱ्यांना तिथलं काय आवडतं आणि काय आवडत नाही?

तुम्ही लिहिलंय की ठाण्यात पंधरा जणांच्या फर्ममध्ये तीन वर्षं काढलीत, आता बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुलातल्या) एका मोठ्या कंपनीची ऑफर हातात आहे, आणि आतल्या माणसांकडून खरं काय ते ऐकायचंय. मी दोन्हीकडे काम केलंय. आधी चार वर्षं मस्जिद बंदरच्या एका पेढीवर हिशेब लिहिले, आणि गेली अकरा वर्षं एका मोठ्या वित्तीय कंपनीत ऑपरेशन्सला आहे. राहते डोंबिवलीला.

पेढीवर असताना आईचं ऑपरेशन निघालं. शेठ मनाने चांगले होते. त्यांनी तीस हजारांची उचल दिली, आणि ती फिटेपर्यंत एकदाही विषय काढला नाही. पण ती मागायला मी त्यांच्या टेबलासमोर उभी होते. ते फोनवर होते, हाताने ‘थांब’ म्हणाले, आणि ती पाच-सात मिनिटं मला आजही आठवतात.

मोठ्या कंपनीत आल्यावर चौथ्या वर्षी बाबांच्या छातीत दुखायला लागलं. डोंबिवलीहून मुलुंडला हलवलं, दोन स्टेंट घालायचे ठरले. काउंटरवर मी मोबाइलमधलं मेडिक्लेमचं ई-कार्ड दाखवलं. तिथल्या मुलीने नंबर टाकला, स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाली, “होईल ताई, कॅशलेस आहे.” म्हणजे बिल विमा कंपनी थेट भरणार. बिल तीन लाखांच्या पुढे गेलं. बाबांना आधीपासून बीपी आणि शुगर. अशा माणसाची पॉलिसी आपण स्वतः काढायला गेलो तर जुन्या आजारांसाठी काही वर्षं थांबावं लागतं. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत बहुतेक ठिकाणी पहिल्या दिवसापासून सगळं धरतात. त्या रात्री मला कुणाच्याही टेबलासमोर उभं राहावं लागलं नाही.

मला विचाराल तर मोठ्या कंपनीत माणसांना जे आवडतं ते हेच आहे: मागावं लागत नाही. पगार ठरलेल्या तारखेला खात्यात येतो. पीएफ कापला जातो आणि कंपनीही तिचा १२ टक्के वाटा भरते. तुमच्या सध्याच्या फर्ममध्ये तो बहुधा नसेल, कारण हा कायदा २० माणसांपासून लागू होतो. कुणी अंगचटीला आलं तर तक्रार कुठे करायची ते ठरलेलं असतं. २०१३ च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसांच्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी, पण पेढीवर ती कधी ऐकलीही नव्हती. इथे माझ्या टीममधल्या एका मुलीने तक्रार केली, चौकशी झाली, आणि त्या माणसाला, पदाने मोठा असूनही, नोकरी सोडावी लागली. त्यानंतर आमच्या मजल्यावर उशिरापर्यंत थांबणाऱ्या मुलींची धास्ती कमी झाली. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

कामाच्या पद्धतीतूनही पुष्कळ शिकायला मिळतं. आमच्याकडे एन्ट्री एकाने करायची, तपासून पास दुसऱ्याने करायची. पेढीवर रुपयाचा फरक आला तरी माझ्याच डोक्यावर यायचा आणि रात्री झोप लागायची नाही.

आता न आवडणारं. ते सगळं तिथून सुरू होतं, जिथे नियम संपतो आणि पुन्हा एका माणसाकडे मागायची वेळ येते.

माझी मुलगी झाली तेव्हा २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. २०१७ च्या दुरुस्तीने ती १२ वरून २६ झालेली आहे, त्यामुळे कुणी हूं की चूं केलं नाही. मी परत आले, उरलेले महिने जीव तोडून काम केलं. एप्रिलमध्ये मॅनेजरने वर्षाच्या कामाचं रेटिंग सांगायला काचेच्या खोलीत बोलावलं. लॅपटॉप माझ्याकडे वळवला, पण बोलताना बघत होते टेबलावरच्या मार्करकडे. “कामाबद्दल काही म्हणणं नाही. पण बेल कर्व्हमध्ये बसवायचंय. वरची रेटिंग्ज टीममध्ये दोघांनाच देता येतात, आणि तुझं वर्ष तसं अर्धंच आहे ना?” बेल कर्व्ह म्हणजे कुठलं रेटिंग किती जणांना द्यायचं ते आधीच ठरलेलं. रेटिंग एका पायरीने खाली, म्हणजे त्या वर्षीचा व्हेरिएबल, रेटिंगवर मिळणारा पगाराचा भाग, जवळपास निम्मा आणि प्रमोशन एक वर्ष पुढे. कायद्याने दिलेली रजा कुणी काढून घेतली नाही, तिची किंमत मात्र माझ्याकडून वसूल झाली. मी एचआरला मेल केला. “रेटिंग हा मॅनेजरचा निर्णय असतो,” एवढंच उत्तर आलं. मला त्याचा राग आजही आहे आणि तो रास्त आहे असं मी मानते.

तसंच घरी निघायच्या वेळेचं. कागदावर सुटायची वेळ सहा. सहा-दहाला खाली उतरलं तर कुर्ल्याला शेअर रिक्षा मिळते आणि डोंबिवलीच्या फास्टमध्ये निदान उभं राहायला जागा असते. साडेसहाचा कॉल लागला की पुढे सगळंच घसरतं: रिक्षाची रांग, कुर्ल्याचा पूल, लेडीज डब्याच्या दारातली रेटारेटी, आणि घरी पोहोचेपर्यंत मुलगी झोपलेली. मेट्रो ३ आल्यापासून मरोळकडच्या सहकाऱ्यांचं सोपं झालंय. आम्ही मध्य रेल्वेवाले रोज मॅनेजरच्या चेहऱ्याकडे बघून निघतो. माझी आताची मॅनेजर सहानंतर कॉल लावतच नाही. कंपनी तीच, मजला तोच, आणि माझं आयुष्य वेगळं आहे.

बाकी तक्रारी तुम्ही ऐकल्याच असतील: ९० दिवसांचा नोटीस पीरियड, साध्या खुर्चीसाठी पोर्टलवर तिकीट, आणि टीम दुसऱ्या डिपार्टमेंटला जोडली गेल्याची बातमी मेलमधून कळणं. त्रास होतो, पण अंगवळणी पडतो.

एक गोष्ट मात्र माझ्या अंगवळणी पडलेली नाही. आमच्या पॅन्ट्रीतले भाऊ नऊ वर्षं त्याच मजल्यावर आहेत. आमच्या ओळखपत्राची पट्टी निळी, त्यांची करडी, कारण ते कंत्राटदाराचे. या नऊ वर्षांत कंत्राटदार दोनदा बदलला आणि प्रत्येक वेळी कागदावर त्यांची नोकरी नव्याने सुरू झाली. ग्रॅच्युइटीसाठी लागणारी सलग पाच वर्षं त्यांची कागदावर कधी भरलीच नाहीत. दुपारी आम्ही कॅन्टीनला जातो, ते खाली बेसमेंटमध्ये पंपरूमजवळ डबा खातात. ज्या मेडिक्लेमने माझ्या बाबांना वाचवलं, तो त्यांना नाही. मोठ्या कंपनीबद्दल चांगलं बोलताना मला दरवेळी हे सांगावंसं वाटतं.

तुमच्याबद्दल सांगायचं तर माझ्या मते ऑफर घ्या, पण सही करण्याआधी थोडी विचारपूस करा. सीटीसीच्या, म्हणजे कंपनीला तुमच्यावर येणाऱ्या वर्षाच्या एकूण खर्चाच्या आकड्यात कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी आणि व्हेरिएबल सगळं धरलेलं असतं, तेव्हा हातात किती येणार ते लेखी मागा. पीएफ पूर्ण बेसिकवर (मूळ पगारावर) कापतात की १५,००० च्या मर्यादेवर, म्हणजे महिना १,८०० रुपये, तेही विचारा. आणि ज्यांच्या हाताखाली काम करायचंय त्या मॅनेजरशी पंधरा मिनिटं बोलायला मिळेल का, असं एचआरला स्पष्ट विचारा. सहसा नाही म्हणत नाहीत. जमलं तर एखाद्या संध्याकाळी साडेसात वाजता त्या इमारतीच्या गेटपाशी उभे राहा आणि किती लोक तेव्हा बाहेर पडतात ते बघा.

जॉइन झालात की पहिल्या आठवड्यात मेडिक्लेमच्या पोर्टलवर जाऊन आई-वडिलांची नावं घाला. काही कंपन्या त्यांचा हप्ता वेगळा कापतात, तरी घाला. आमच्याकडे त्यासाठी जॉइनिंगपासून फक्त ३० दिवस होते. माझ्या बॅचमधल्या एकाने नंतर बघू म्हणून ठेवलं, आणि वर्षभर ती खिडकी पुन्हा उघडली नाही.