नियम तोंडपाठ असूनही मूल तसे वागत का नाही?

तुमचा साडेतीन वर्षांचा मुलगा ‘बाहेर जाताना आधी चपला घालायच्या’ हे विचारल्याबरोबर बिनचूक सांगतो आणि दार उघडताच अनवाणी जिन्याकडे धावतो, तेव्हा तो हे मुद्दाम करतो का, असा तुमचा प्रश्न आहे. माझे उत्तर ‘नाही’ असेच आहे. या वयात नियम ठाऊक असणे आणि ऐन वेळी त्याप्रमाणे वागता येणे या दोन वेगळ्या गोष्टी असतात, आणि दुसरी बऱ्याच उशिरा जमू लागते.

मानसशास्त्रज्ञ फिलिप झेलाझो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हे फार स्वच्छ दिसते. लाल ससा, निळी होडी अशा चित्रांची कार्डे मुलाने आधी रंगानुसार वेगळी करायची असतात आणि मग त्याला सांगितले जाते की आता रंग नाही, आकार पाहायचा. तीन वर्षांची बहुतेक मुले ‘ससे कुठे ठेवायचे?’ या प्रश्नाला योग्य खोक्याकडे बोट दाखवतात, आणि पुढच्याच क्षणी हातातले कार्ड जुन्या, रंगाच्या नियमाने टाकतात. येथे आज्ञा मोडण्याचा मोह नाही, हट्टाला कारण नाही, तरीही हात सवयीच्या वाटेने जातो. पाच वर्षांच्या सुमारास बहुतेक मुलांना हा बदल सहज जमतो.

दुसरी गोष्ट वेळेची. कोलोरॅडो विद्यापीठातील क्रिस्टोफर चॅथम आणि युको मुनाकाता यांनी मायकेल फ्रँक यांच्यासह २००९ मध्ये डोळ्यांच्या बाहुल्यांच्या आकारातील बदल मोजून दाखवले की आठ वर्षांची मुले पुढच्या कामाची आधीच मनात तयारी करतात, तर साडेतीन वर्षांची मुले प्रसंग समोर आल्यावर मागची माहिती आठवून वापरतात. म्हणून खोलीत खेळत असताना दिलेली ताकीद दाराशी पोहोचेपर्यंत मागे पडते, आणि ‘दहादा सांगितले तरी ऐकत नाही’ हा घरातल्या वडीलधाऱ्यांचा शेरा मला अन्यायाचा वाटतो.

सूचना द्यायचीच तर ती दाराशी, चपला समोर असताना, त्याच्याजवळ बसून द्यावी, आणि एका वेळी एकच द्यावी. ‘पळू नकोस’ म्हटले की सुरू झालेली हालचाल त्याला स्वतःच आवरावी लागते, आणि नेमके तेच या वयात अवघड असते. ‘इथे बस, पाय पुढे कर’ यात पुढे काय करायचे ते मिळते. नियम त्याच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेण्याने फारसे साधत नाही, कारण तो त्याला येतोच आहे.

शांत खोलीत, जवळून सांगितलेली साधी गोष्टही त्याला कळत नसेल किंवा हाक मारल्यावर तो वळून पाहत नसेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवून श्रवणचाचणी करून घ्यावी. आणि रस्ता, गच्चीचा कठडा, गॅसची शेगडी अशा ठिकाणी, त्याने कितीही शहाण्यासारखे ‘हो’ म्हटले तरी, शब्दावर न विसंबता त्याचा हात धरावा.