झग्याचा कापलेला काठ

प्रिय,

प्रभूच्या नावात सलाम.

ज्या माणसाने तुला दोन वर्षं छळलं, त्याची लबाडी उघडी पाडणारे कागद आता तुझ्याच हाती लागलेत, आणि सोबतचे म्हणताहेत, ‘देवानेच संधी दिली.’ क्षमा करायची म्हणजे गप्प बसायचं का, असं तू विचारलंस. आधी बायबलमधल्या १ शमुवेल या पुस्तकाचे २४, २५ आणि २६ हे अध्याय एका बैठकीत वाच. एकटा २४ वा वाचलास तर पुढे इस्राएलचा राजा झालेला दावीद स्वभावानेच शांत होता असं वाटेल. तो तसा नव्हता.

एन-गेदी म्हणजे मृत समुद्राच्या पश्चिम किनाऱ्यावरचा झरा. भोवती उभे कडे, रानबकऱ्या, गुहा. दाविदाच्या जिवावर उठून ३,००० निवडक माणसं घेऊन आलेला राजा शौल शौचासाठी एकटाच गुहेत शिरला, आणि आत अंधारात दावीद आपल्या माणसांसह बसलेला. माणसं कुजबुजली, देव बोलला होता तो दिवस हाच. इथे थांब आणि मागची पानं चाळ. ‘शत्रू तुझ्या हाती देईन, त्याचं हवं ते कर’ असं देव दाविदाला शौलाविषयी म्हणाल्याची नोंद कुठेही नाही. संधी खरी होती; आज्ञा माणसांनी तिला चिकटवली. तुझ्याभोवतीही नेमकं हेच चाललंय.

दाविदाने झग्याचा काठ तेवढा कापला, आणि तेवढ्यानेही त्याचं मन त्याला खाऊ लागलं. मूळ हिब्रूत शब्दशः ‘त्याच्या हृदयाने त्याला मारलं’ असं आहे. वीतभर कापडासाठी एवढं? १५ व्या अध्यायात संदेष्टा शमुवेल याचा झगा शौलाच्या हातात फाटतो, तेव्हा शमुवेल त्याला म्हणतो की राज्य तुझ्यापासून असंच फाडून घेतलं आहे. म्हणून तो काठ कापणं म्हणजे राजपदाला हात घालणं होतं, असं मी मानतो. तुझ्या बाबतीत हा काठ म्हणजे त्या कागदाचा फोटो काढून ग्रुपवर टाकणं, किंवा नाव न घेता मारलेला टोमणा. ‘मी काही त्याचा जीव घेतला नाही’ म्हणत हे खपवून घेऊ नकोस. विवेक टोचतो तो अशा छोट्या जागी. तिथे दुर्लक्ष केलं की पुढे तो टोचेनासा होतो.

त्यानंतर दाविदाने काय केलं, ते क्रमाने बघ. आधी स्वतःच्या माणसांना आवरलं. मग बाहेर येऊन शौलाला हाक मारली, भुईपर्यंत वाकला आणि तुकडा दाखवून आपली बाजू स्पष्ट मांडली. म्हणजे गप्प बसला नाही. न्याय परमेश्वर करील, माझा हात तुझ्यावर पडणार नाही, एवढंच त्याने बांधून घेतलं. शौल रडला, ‘माझ्या मुला’ म्हणाला, दाविदाने त्याला शपथही दिली. तरी शौल घरी गेला आणि दावीद गडावर. अश्रू बघून तो त्याच्या मागोमाग गेला नाही. तूही कागद जिथे तक्रार ऐकतात तिथेच दे, त्यात आहे तेवढंच सांग, आणि त्या माणसापासून लांब राहा.

आता २५ वा. हाच दावीद नाबाल नावाच्या एका श्रीमंत माणसाने केलेल्या अपमानावर ४०० माणसांना तलवारी बांधायला लावून त्याच्या घरातल्या सगळ्या पुरुषांना मारायला निघाला. असं का झालं? शौल ‘परमेश्वराचा अभिषिक्त’, म्हणजे देवाने नेमलेला राजा, त्याच्यासाठी रेघ आधीच आखलेली होती. नाबालासाठी कुठलीच नव्हती. रागात रेघ आखता येत नाही, म्हणून ती आजच आखून ठेव. वाटेत नाबालाची बायको अबीगईल आडवी आली नसती तर रक्त सांडलं असतंच. २०० भाकरी, ५ तयार मेंढरं, अंजिरांच्या २०० ढेपा गाढवांवर लादून ती आली. नवऱ्याची तिने बाजू घेतली नाही, उलट त्याला मूर्ख म्हटलं. पण उद्या राजा झाल्यावर विनाकारण सांडलेलं रक्त तुझ्या मनाला टोचत राहू नये, असं बजावलं. तुझा राग खोटा न ठरवता तुला थांबवील असं एक माणूस शोध, आणि कागद कुठेही देण्याआधी त्याला दाखव.

२६ व्यात शौल पुन्हा ३,००० माणसं घेऊन येतो. दाविदाचा सोबती अबीशय म्हणतो, एकाच घावात संपवतो. दावीद नको म्हणतो आणि झोपलेल्या शौलाच्या उशाचा भाला व पाण्याचा चंबू तेवढा उचलतो. शौलाने पूर्वी दाविदाला भिंतीशी खिळायला भालाच फेकला होता. मधे बरंच अंतर ठेवून, समोरच्या डोंगरमाथ्यावरून दावीद ओरडतो: राजाचा भाला इथे आहे, एखाद्या गड्याला पाठव, घेऊन जाईल.