‘समतोल’ की ‘समसमान’? कॉलेज फुटबॉलमधील रन आणि पास

प्रश्न असा आहे : अमेरिकी कॉलेज फुटबॉलविषयी मराठीत लिहिताना, तिकडे ज्याला ‘बॅलन्स्ड ऑफेन्स’ म्हणतात त्याला ‘समसमान आक्रमण’ म्हणावे, ‘संतुलित’ म्हणावे की ‘समतोल’? प्रश्नकर्त्याने नमुन्यादाखल स्वतःचे एक वाक्यही दिले आहे : ‘३५ वेळा रन आणि ३५ वेळा पास, असे समसमान आक्रमण संघाने केले.’

माझ्या मते येथे ‘समसमान’ टाळावे आणि ‘समतोल’ वापरावे. ‘समसमान’ हा मोजणीचा शब्द आहे. गुण समसमान होतात, वाटणी समसमान होते. ‘समतोल’ला मात्र बरोबरीची अट नाही. समतोल आहारात भात, डाळ, भाजी आणि मीठ एकाच वजनाचे असावेत अशी कोणाचीही अपेक्षा नसते. ज्याचे जेवढे काम, तेवढे त्याचे प्रमाण, एवढाच त्या शब्दाचा अर्थ असतो आणि फुटबॉलमध्येही नेमका तोच अभिप्रेत आहे. ‘संतुलित’ चूक नाही, परंतु ‘संतुलित भूमिका’, ‘संतुलित प्रतिक्रिया’ अशा प्रयोगांमुळे त्याला संयमाची छटा चिकटली आहे. ‘संतुलित आक्रमण’ वाचताना संघ जरा जपून खेळला असे वाटण्याचा संभव आहे.

शब्दाची निवड खेळाच्या रचनेवर अवलंबून असल्यामुळे त्या रचनेविषयी थोडे सांगणे भाग आहे. चेंडू ताब्यात असलेल्या संघाला १० यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात आणि प्रत्येक प्रयत्नात चेंडू घेऊन धावायचे (रन) की पुढे फेकायचा (पास), हे ठरवावे लागते. पुढे फेकण्याची मुभा नियमांनी दिली ती १९०६ मध्ये. त्याआधी या बाबतीत समतोलाचा प्रश्नच उद्भवत नव्हता. १९१३ मध्ये नोत्र दाम संघाने वेस्ट पॉइंटच्या मैदानावर आर्मी (अमेरिकी लष्करी अकादमीच्या) संघाला ३५–१३ असे हरवले, तो सामना प्रामुख्याने गस डोरे आणि नूट रॉकनी यांच्या पासांसाठी ओळखला जातो. मात्र त्या पासांनी आणखी एक गोष्ट साधली : धावणाऱ्याला रोखण्यासाठी पुढे दाटीने उभी असलेली आर्मीची बचाव फळी पास अडवण्यासाठी पांगली, आणि मग मधून धावण्यालाही वाट मिळाली. समतोलाचे खरे ठिकाण हे आहे. तो आक्रमकांच्या हिशेबवहीत जितका असतो त्याहून अधिक बचाव करणाऱ्याच्या मनातल्या अनिश्चिततेत असतो. पुढे यावे की मागे थांबावे अशा तळ्यात-मळ्यात अवस्थेत त्याला जो संघ सतत ठेवू शकतो, त्याचे आक्रमण समतोल, मग त्याच्या पासांची संख्या रनपेक्षा कितीही जास्त असो.

२०१९ चा लुइझियाना स्टेटचा संघ पाहा. त्या हंगामातील १५ ही सामने जिंकताना क्वार्टरबॅक (आक्रमणाची सूत्रे हाती असलेला, पास देणारा खेळाडू) जो बरो याने ५,६७१ यार्डांचे पास दिले, तर धावणाऱ्यांमध्ये अग्रेसर असलेल्या क्लाइड एडवर्ड्स-हेलेअरचे १,४१४ यार्ड झाले. संघाचे पासचे यार्ड रनच्या यार्डांच्या दुपटीहून अधिक होते, म्हणजे ‘समसमान’ तर ते आक्रमण मुळीच नव्हते. तरीही रनकडे दुर्लक्ष करण्याची सोय प्रतिस्पर्ध्यांना नसल्यामुळे त्याला समतोल म्हणण्यास माझी हरकत नाही. याच्या दुसऱ्या टोकाला १९७१ चा ओक्लाहोमाचा संघ दिसतो. धावण्यावर भर देणाऱ्या ‘विशबोन’ रचनेतून त्याने दर सामन्यात सरासरी ४७२.४ यार्ड केवळ धावून मिळवले. त्याला समतोल म्हणता येत नाही, आणि त्यात कमीपणाही नाही. हा शब्द वर्णनाचा आहे, प्रशस्तिपत्रकाचा नव्हे, हे समालोचकही अनेकदा विसरतात.

खुद्द अमेरिकेतही या शब्दाच्या अर्थावर वाद झाला आहे. टेक्सस टेक, वॉशिंग्टन स्टेट आणि मिसिसिपी स्टेट या संघांचे प्रशिक्षक राहिलेले, पासवर भर देणाऱ्या ‘एअर रेड’ पद्धतीचे पुरस्कर्ते माइक लीच (निधन २०२२) रन आणि पास निम्मे-निम्मे करण्याला समतोल मानतच नसत. क्वार्टरबॅक ज्यांच्याकडे चेंडू सोपवतो किंवा फेकतो ते पाच जण जवळपास सारखा हातभार लावत असतील तर तो समतोल, अशी त्यांची व्याख्या होती. या व्याख्येने मोजणी संपत नाही, फक्त मोजायची वस्तू बदलते, असा आक्षेप घेता येईल. पण निम्मे-निम्मेचा हट्ट निरर्थक आहे, हे त्यांचे म्हणणे मला पटते.

प्रश्नकर्त्याच्या वाक्यातील ३५ आणि ३५ या आकड्यांविषयीही सावध राहावे लागेल. कॉलेज फुटबॉलच्या नोंदींत, पास देण्यासाठी मागे सरकलेल्या क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्यापूर्वीच खाली पाडले, म्हणजे ‘सॅक’ केले, तर तो प्रयत्न आणि गमावलेले यार्ड रनच्या खात्यात जमा होतात. व्यावसायिक एनएफएलमध्ये तेच यार्ड पासच्या खात्यातून वजा होतात. पास द्यायला निघालेला क्वार्टरबॅक वाट न मिळाल्याने स्वतःच धावत सुटला, तर तोही रनच ठरतो. शिवाय आघाडीवर असलेला संघ घड्याळ चालू राहावे म्हणून उत्तरार्धात धावत राहतो आणि पिछाडीवरचा संघ वेळ वाचवण्यासाठी पास देत राहतो. त्यामुळे सामन्याअखेरचे प्रमाण आखणीपेक्षा गुणफलकाबद्दलच अधिक सांगत असते. ‘आरपीओ’ (रन-पास ऑप्शन) प्रकारच्या चालीने तर ही विभागणी आणखी धूसर केली आहे, कारण तिच्यात रन की पास हे खेळ सुरू झाल्यानंतर, एका ठरावीक बचावपटूची हालचाल पाहून क्वार्टरबॅक ठरवतो.

आता सोबतच्या शब्दांविषयी. ‘रन’साठी ‘धाव’ वापरू नये. मराठी वाचकाच्या मनात ती क्रिकेटची धाव आहे आणि ‘३५ धावा’ म्हणताच तो धावफलक शोधू लागेल. ‘चेंडू पळवणे’ तर चोरीचा आळ आणणारा प्रयोग होईल. ‘रन’ आणि ‘पास’ हे शब्द तसेच ठेवून क्रियेसाठी ‘चेंडू घेऊन धावणे’ म्हणणे सर्वांत निर्धोक. रनचा आव आणून पास देण्याच्या ‘प्ले-ॲक्शन’ला मात्र खो-खो आणि कबड्डीने घोटून दिलेला ‘हुलकावणी’ हा शब्द तयार आहे. त्याच्यासाठी नवा प्रतिशब्द घडवत बसण्याचे कारण नाही.

या सगळ्यानुसार मूळ वाक्य मी असे लिहीन : ‘संघाने ३५ वेळा चेंडू घेऊन धावण्याचा आणि ३५ वेळा पास देण्याचा प्रयत्न केला.’ त्या आक्रमणाला समतोल म्हणायचे असल्यास बचाव फळी कोठे फसली हे पुढच्या वाक्यात सांगावे, कारण नुसत्या आकड्यांवरून ते विशेषण लावता येत नाही.