अमेरिकेतल्या अँटिएटम रणभूमीवरचं पांढरं ‘डंकर चर्च’ कुणाचं होतं? लढाईनंतर तिथल्या मंडळीचं काय झालं?

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग वाचून बरं वाटलं. त्या इमारतीवर बोलणारे खूप भेटतात, पण त्यात बसणाऱ्या माणसांबद्दल सहसा कुणी विचारत नाही.

माझं आजोळ डहाणूचं. तिथल्या मिशनच्या दवाखान्याला आजी ‘ब्रेदरनवाल्यांचा दवाखाना’ म्हणायची. १८९४ साली अमेरिकेहून वलसाडला आलेलं आणि पुढे डहाणूपर्यंत पोचलेलं ते मिशन डंकरांच्याच पंथाचं, म्हणजे ‘चर्च ऑफ द ब्रेदरन’चं. (प्लिमथ ब्रेदरन हे दुसऱ्या ख्रिस्ती पंथाचे, नाव सारखं असलं तरी त्यांचा यांच्याशी संबंध नाही.) म्हणून मेरीलँडला भावाकडे गेलो तेव्हा अँटिएटमच्या रणभूमीला लागून असलेल्या शार्प्सबर्ग गावाला मुद्दाम जाऊन आलो.

हा पंथ १७०८ साली जर्मनीत श्वार्त्सेनाऊ या गावी सुरू झाला. अलेक्झांडर माक आणि सोबतचे सात जण, अशा आठ जणांनी एडर नदीत बाप्तिस्मा घेतला. बाप्तिस्मा देताना माणसाला पाण्यात तीन वेळा पुढच्या बाजूने बुडवायचं, म्हणून लोक त्यांना ‘डंकर’ म्हणू लागले, म्हणजे बुडवणारे. १७१९पासून ते पेनसिल्व्हेनियात येत गेले आणि तिथून मेरीलँडच्या शेतीवाडीत पसरले. शपथ घ्यायची नाही, हत्यार उचलायचं नाही, राहणी साधी ठेवायची. गुलाम बाळगायचा नाही हे तर त्यांच्या वार्षिक सभेने १७८२ सालीच ठरवलं होतं.

शार्प्सबर्गजवळ सॅम्युएल मुम्मा या शेतकऱ्याने १८५१ साली जागा दिली आणि पुढच्या वर्षी गावातल्या डंकरांनीच तिथे प्रार्थनाघर बांधलं. मंडळी किती मोठी? जेमतेम सहाएक शेतकरी कुटुंबं. विटांच्या भिंतींना चुना लावलेला, वर मनोरा नाही, क्रूस नाही. पुरुषांचं दार वेगळं, बायकांचं वेगळं. उपदेश करणारासुद्धा उंचावर उभा राहायचा नाही, मंडळीच्या पातळीवरूनच बोलायचा. मी आत पाचेक मिनिटं बाकावर बसलो होतो. सगळ्यांनी एका पातळीवर असायचं हे त्यांनी बांधकामातच करून ठेवलंय, हे तिथे बसल्यावर कळतं.

१४ सप्टेंबर १८६२, रविवार. उपासनेला बसलेल्यांना जवळच्या साउथ माउंटन डोंगरावरच्या तोफा ऐकू येत होत्या. बुधवारी, १७ तारखेला, अमेरिकन यादवी युद्धातली अँटिएटमची लढाई त्यांच्या दारात आली. मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून एका दिवसात सुमारे २३ हजार माणसं. उत्तरेच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या, सैन्याला सकाळी दुरून दिसणारी खूण म्हणजे हीच पांढरी इमारत, त्यामुळे हल्ल्याचा रोख तिच्याकडेच होता. भिंतींना तोफगोळ्यांनी भगदाडं पडली. मुम्मांचं घर दक्षिणेच्या सैनिकांनी जाळून टाकलं. उत्तरेच्या नेमबाजांना तिथे आडोसा मिळू नये, एवढंच कारण. घरची माणसं आधीच बाहेर पडली होती म्हणून वाचली. मुम्मांनी सरकारकडे भरपाई मागितली, पण नुकसान शत्रूसैन्याने केलेलं असल्यामुळे ती मिळाली नाही. त्यांनी १८६३ साली घर पुन्हा उभं केलं. चर्चही दुरुस्त होऊन १८६४ साली तिथे उपासना परत सुरू झाली. बाहेर युद्ध अजून चालूच होतं, हे लक्षात घ्या.

शतक संपता संपता मंडळीने गावात नवीन चर्च बांधलं आणि जुनी वास्तू ओस पडली. आठवण म्हणून लोक भिंतीच्या विटा काढून नेत. १९२१ साली वादळात ती कोसळली. पुढे त्याच पायावर एक घर उभं राहिलं, तिथे पेट्रोलपंपही चालला. १९५१ साली काउंटीच्या इतिहास मंडळाने ती जागा विकत घेऊन राष्ट्रीय उद्यान खात्याला दिली आणि लढाईच्या शताब्दीला, १९६२ साली, मूळ पायावर, जमेल तितकं जुनं सामान वापरून चर्च पुन्हा बांधलं. तुम्ही आज पाहता ते हे.

चर्चमधलं बायबल न्यूयॉर्कचा एक सैनिक सोबत घेऊन गेला होता. ते १९०३ साली परत आलं ते जॉन लुईस यांच्या मदतीने. लुईस कृष्णवर्णीय होते, मूळचे मेरीलँडचे, स्वतः डंकर, आणि न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरात लेखक मार्क ट्वेनचे स्नेही.

मला सगळ्यात जवळची वाटते ती १९०६ सालची गोष्ट. मुम्मांचं घर पेटवणाऱ्या तुकडीतला जेम्स क्लार्क तेव्हा म्हातारा झाला होता. त्याने शार्प्सबर्गच्या पोस्टमास्तरला पत्र लिहून विचारलं, की आम्ही जाळलं ते घर कुणाचं होतं? पोस्टमास्तर होता धाकटा सॅम्युएल मुम्मा, वडिलांचंच नाव लावणारा त्याच घरातला मुलगा. त्याने उत्तर पाठवलं: घर आमचंच, पण तुम्ही हुकमाप्रमाणे वागलात, तुमच्याबद्दल मनात काही नाही.