शेतकरी नसताना गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांध तलावाजवळ शेतजमीन घेऊन घर बांधता येईल का?

जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय नाही: विदर्भासाठीच्या 1958 च्या कुळवहिवाट कायद्याचं कलम 89 बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकायला मनाई करतं. गावठाणातला किंवा आधीच अकृषक झालेला प्लॉट मात्र घेता येतो, आणि राहायला घर हवं असेल तर तोच बरा.

इसार देण्याआधी हे बघा:

- सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग-2 (म्हणजे हस्तांतरणावर सरकारी बंधनं असलेली जमीन) असेल, तर विक्रीला बहुतेक वेळा पूर्वपरवानगी लागते. जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम 36-अ लागू होतं, जे अशी जमीन बिगरआदिवासीला देण्यावर बंधन घालतं. नुसत्या इसारपावतीवर पैसे देऊ नका.
- निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज या गावाच्या हक्कनोंदी तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) मागा. पांदण, गुरांचं पाणी, मासेमारी हे गावाचे हक्क त्यात असतात, सातबाऱ्यावर दिसतीलच असं नाही. यात फसगत होऊ शकते.
- मे महिन्यात पाणी उतरतं तेव्हा कोरडी दिसणारी काठाची पट्टी अनेकदा तलावाचीच, गाळपेराची (पाणी उतरल्यावर गाळात पीक घेण्याची) असते. जागा सप्टेंबरमध्ये पुन्हा बघा, सरकारी मोजणी करून घ्या.

होमस्टे काढायचा असेल तर एक वेगळी अडचण आहे. नवेगाव-नागझिरा 2013 पासून व्याघ्र प्रकल्प आहे. तुमचा गट क्रमांक त्याच्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्रात (प्रकल्पाभोवतीचा, बांधकामावर निर्बंध असलेला पट्टा) येतो का, हे वनविभागाकडून लेखी घ्या.