वाचकांचे प्रश्न: टागोरांच्या नावाने फिरणारी ती ओळ कुणाची?

प्रश्न: आमच्या शाळेच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टागोरांचा फोटो टाकून ‘झोपेत स्वप्न पडलं की आयुष्य म्हणजे आनंद, जाग आली तर कळलं आयुष्य म्हणजे सेवा’ असा मेसेज सारखा येतो. परवा भाची म्हणाली, मामा हे मूळ एका अमेरिकन बाईचं आहे. खरं का? कोण ही बाई?
– एक वाचक, सांगली

उत्तर: भाची बरोबर बोलतेय. याच धर्तीच्या दोन ओळी जुलै १८४० मध्ये ‘द डायल’ या अमेरिकी त्रैमासिकाच्या पहिल्याच अंकात छापून आल्यात, आणि टागोरांचा जन्म १८६१ चा. कवयित्री एलन स्टर्जिस हूपर. पण कविता छापली निनावी, त्यामुळे पुढे ती कुणाच्याही नावावर खपली, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं.

एलन १८१२ ची, बॉस्टनची. वडील आधी जहाजावर कप्तान, मग चीनच्या व्यापारात बक्कळ पैसा कमावलेले. १८३७ मध्ये डॉ. रॉबर्ट हूपर यांच्याशी लग्न झालं, तीन मुलं झाली. लेखिका मार्गारेट फुलर १८३९ पासून बॉस्टनमधल्या बायकांना जमवून चर्चा घ्यायच्या, त्यात एलन असायची. एमर्सन, थोरो हे लेखक त्याच गोतावळ्यातले, म्हणजे पोथी आणि चर्चपेक्षा माणसाच्या आतल्या आवाजावर जास्त विश्वास ठेवणारे, आपली गीतासुद्धा इंग्रजीतून वाचणारे.

आता मूळ कविता. ती सहा ओळींची आहे हो! सुरुवात अशी, झोपेत आयुष्य म्हणजे सौंदर्य वाटलं, जाग आली तर ते कर्तव्य निघालं. लोक इथेच थांबतात आणि मग तो शाळेच्या भिंतीवरचा सुविचार होऊन बसतो. एलन मात्र पुढे विचारते, मग तुझं स्वप्न खोटी सावली होती का? आणि म्हणते, दुःखी मना, धीराने राबत राहा, तेच स्वप्न तुला भर दुपारच्या उजेडासारखं खरं होऊन भेटेल. म्हणजे ती स्वप्न सोडून द्यायला सांगतच नाहीये.

थोरो वॉल्डन तळ्याकाठी छोट्या घरात एकटा राहिला, त्यावरच्या ‘वॉल्डन’ या पुस्तकात त्याने एलनची आगीवरची कविता घेतलीय. झाला प्रकार असा की तिथल्या दुसऱ्या हिवाळ्यात त्याने लाकूड वाचवायला छोटा स्टोव्ह आणला, तर त्याने जागा अडवली, घरभर वास, आणि मुख्य म्हणजे जाळच दिसेना, त्याला एखादा सोबती गेल्यासारखं झालं, आणि तेव्हा त्याला आठवल्या त्या एलनच्या ओळी. ज्यांच्या घरी चूल होती त्यांना हे वेगळं सांगायला नको.

१८४८ मध्ये क्षयाने गेली ती, वय ३६. धाकटी मुलगी मॅरियन तेव्हा पाच वर्षांची होती. हयातीत पुस्तक नाही, नंतर मुलाने खासगीत मोजक्या प्रती छापून घेतल्या.

पुढच्या वेळी ग्रुपवर तो मेसेज आला की खाली सहाही ओळी टाका, आणि नाव पूर्ण लिहा.